कॉफीच्या चोथ्याचं काय करायचं? वाचकांचे प्रश्न, नेमकी उत्तरं

कॉफीच्या चोथ्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रं इथे घेतली आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे: चोथा फेकून द्यायला जीव होत नाही, आणि कुंडीत टाकला की झाड रुसतं. इन्स्टंट कॉफी पिणाऱ्यांनी पान उलटायला हरकत नाही. त्यांच्याकडे चोथा उरतच नाही.

प्रश्न : आमच्याकडे रोज दोघांची फिल्टर कॉफी होते. चोथा मी थेट गुलाबाच्या आणि तुळशीच्या कुंडीत टाकते. महिन्याभरात वर पांढरी बुरशी आली, पाणी घातलं की ते कडेने वाहून जातं आणि तुळशीची खालची पानं पिवळी पडली आहेत. चोथा हे चांगलं खत ना? (पुणे)

उत्तर : चोथा हा खताचा कच्चा माल आहे, खत नव्हे. तुमच्या कुंडीत जे दिसतंय ते सगळं या एका फरकामुळे झालं आहे.

फिल्टरची पूड बारीक असते. रोज थोडी थोडी टाकली की तिचा एकसंध थर बसतो, आणि तो वाळला की पापडासारखा कडक होतो. कोरडा चोथा पाणी सहजी शोषत नाही, त्यामुळे पाणी या थरावरून घरंगळून कुंडीच्या कडेने खाली जातं. वरून माती ओली वाटते, मुळांपाशी मात्र कोरडी ठणठणीत असते. दुसरं कारण असं, की कच्चा चोथा कुजवताना मातीतले जिवाणू त्यांना लागणारं नत्र (नायट्रोजन) मातीतूनच उचलतात. झाडाला नत्र कमी पडलं की ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून पिवळेपणाची सुरुवात खालून होते. शिवाय चोथ्यात थोडं कॅफिन उरतंच आणि कोवळ्या मुळांना ते मानवत नाही.

पांढऱ्या बुरशीची भीती नको. ती झाडावर नाही, चोथ्यावर जगते आणि तो कुजवण्याचंच काम करते. दम्याचा त्रास असलेल्यांनी तेवढं तोंड जवळ नेऊन उकरू नये.

आता उपाय. चोथ्याचा थर खरवडून काढा. खुरप्याच्या टोकाने वरची दोन-तीन सेंटिमीटर माती हलक्या हाताने मोकळी करा. बुडाच्या भोकातून पाणी निथळेपर्यंत सावकाश पाणी घाला आणि अर्ध्या तासाने पुन्हा एकदा घाला. कॅफिन पाण्यात विरघळतं, त्यातलं बरंचसं निघून जाईल. मातीचा गोळा फारच सुकला असेल तर वरून पाणी ओतून उपयोग होत नाही, अख्खी कुंडी वीस मिनिटं पाण्याच्या टबात ठेवावी लागते. त्यानंतर दोन आठवडे काही घालू नका, मग एक मूठ मुरलेलं शेणखत किंवा गांडूळखत द्या. तुळशीला यापुढे चोथा नकोच. गुलाबाची कुंडी बारा इंची असेल आणि झाड जुनं असेल, तर महिन्यातून एकदा एक मोठा चमचा वाळवलेला चोथा मातीत मिसळून वर पालापाचोळा घाला. एवढंच.

आणि हिशेबही एकदा मांडून पाहा. दोघांची रोज पंचवीस ग्रॅम पूड धरली, त्यात चिकोरी असेल (ती बरीचशी पाण्यात उतरते), तर महिन्याला कोरडा चोथा जेमतेम अर्धा किलो निघतो. कोरड्या चोथ्यात नत्र साधारण २ टक्के, म्हणजे महिन्याचं दहा ग्रॅम. इतकं नत्र बावीस ग्रॅम युरियात असतं. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) तर याहून पुष्कळ कमी. तेव्हा चोथा वाया जाऊ नये हे ठीक, पण त्याच्या भरवशावर बाग फुलणार नाही.

प्रश्न : मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात पेरणीआधी चोथा मिसळला तर चालेल का? (सांगली)

उत्तर : नाही. बी रुजताना आणि रोप कोवळं असताना कच्चा चोथा सगळ्यांत जास्त नडतो. मेलबर्नमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रोकोली, लीक, मुळा, सूर्यफूल आणि व्हायोला यांच्या मातीत ताजा चोथा मिसळून पाहिला होता. मातीची पाणी धरण्याची क्षमता सुधारली, पण झाडांची वाढ खुंटली. सोबत खत दिलं तरी खुंटली. पूर्ण कुजलेल्या खतातून गेलेला चोथा मात्र बिनधास्त वापरा.

प्रश्न : चोथा आम्लधर्मी असतो म्हणून ब्लूबेरी आणि हायड्रेंजियाला घालावा, असं इथे सगळे सांगतात. तीन वर्षं घालूनही हायड्रेंजिया गुलाबीच आहे. (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : ती तशीच राहील. कॉफीतलं आम्ल पाण्यात उतरतं आणि कपात जातं. मागे राहिलेल्या चोथ्याचा सामू, म्हणजे पीएच, बहुधा ६ ते ७ च्या आसपास असतो. वेगवेगळ्या तपासण्यांत तो याहून कमी आणि थेट ८ च्या वरही आढळला आहे. ज्याचा भरवसा नाही त्याने माती आम्ल करायला जाऊ नये.

ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामूची माती लागते. त्यासाठी आधी माती तपासून घ्या आणि मग गंधक वापरा. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात आणि तेही माती उबदार असताना, म्हणून परिणाम दिसायला काही महिने जातात. हायड्रेंजियाच्या निळ्या रंगाला आम्ल माती आणि त्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम अशा दोन्ही गोष्टी लागतात. त्यासाठी बागेच्या दुकानात ॲल्युमिनियम सल्फेट मिळतं, पाकिटावरच्या प्रमाणातच द्या. पांढऱ्या फुलांच्या जातींवर याचाही परिणाम होत नाही.

हाच गैरसमज इकडे कढीपत्त्याच्या बाबतीत दिसतो. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या कढीपत्त्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात. हा लोहाचा तुटवडा असतो. माती अल्कधर्मी झाल्याने लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. चोथ्याने काहीही फरक पडणार नाही. चिलेटेड आयर्न, म्हणजे मुळांना शोषता येईल अशा रूपातलं लोह आणा, आणि आणताना ते ईडीडीएचए प्रकारचं आहे ना ते पाहा. ईडीटीए प्रकारचं अल्कधर्मी मातीत टिकत नाही.

प्रश्न : सोसायटीजवळच्या कॅफेतून चोथ्याच्या पिशव्या फुकट मिळू शकतात. त्याचं खत कसं करावं? किती चालेल? घरच्या बादलीतही करता येईल का? (ठाणे)

उत्तर : चोथ्याचा सगळ्यांत चांगला उपयोग हाच. नियम एकच लक्षात ठेवा: एकूण ढिगात चोथा आकारमानाने पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. पाच बादल्यांत एक बादली चोथा, एक भाजीपाल्याचा कचरा आणि तीन बादल्या सुका पालापाचोळा. चोथ्याचा रंग तपकिरी असला तरी खताच्या हिशेबात तो ओल्या, नत्रवाल्या मालात धरायचा. रंगावर जाऊन त्याला सुका माल समजलं की ढीग चिकट होतो, आणि तक्रारी तिथूनच सुरू होतात.

आधी घरची बादली. वीस लिटरची झाकणाची बादली घ्या. बुडाला आठ-दहा आणि बाजूंना तीन ओळींत आठ मिलिमीटरची भोकं पाडा. खाली ताटली आणि दोन विटा ठेवा, म्हणजे बुडातून हवा खेळेल. तळाशी पाच सेंटिमीटर सुकी पानं किंवा काथ्याचा भुसा घाला. मग रोजचा कचरा, त्यावर चोथा विस्कटून आणि त्यावर दुप्पट सुकी पानं. विरजण म्हणून जुन्या खताची एक ओंजळ पहिल्याच दिवशी टाका. तेवढी मिळाली तर आंबट ताक, गूळपाणी वगैरे काही लागत नाही. आठवड्यातून दोनदा तळापासून वर ढवळा. मूठभर माल घट्ट दाबला तर एखाद-दुसरा थेंब निघावा. धार लागली तर सुकी पानं घाला, मूठ उघडताच माल सुटा झाला तर पाणी शिंपडा. बादली भरल्यापासून दीड ते दोन महिन्यांत खत काळं आणि भुसभुशीत होतं, त्याला पावसाळ्यातल्या मातीचा वास येतो. चाळून घ्या, चाळणीवर राहिलेलं पुढच्या बादलीचं विरजण.

बिघाड ओळखायला नाक पुरे. अमोनियाचा, डोळ्याला झोंबणारा वास आला तर नत्र जास्त झालं, सुका पाला वाढवा. नासका आंबूस वास आला तर हवा मिळत नाही; ढवळा, आणि पाला मिसळा. आत चोथ्याचे लाडू झालेले दिसले, वरून ओले आणि आतून कोरडे, तर ते हाताने फोडावेच लागतात, आपोआप कुजत नाहीत. तपकिरी, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. दिसायला ओंगळ, पण निरुपद्रवी. उलट कचरा झपाट्याने संपवतात.

आता कॅफेची पिशवी. एक किलो पुडीचा ओला चोथा जवळजवळ दोन किलो भरतो, म्हणजे पिशवीत निम्म्याहून जास्त पाणीच असतं. बांधून ठेवली की दोन-तीन दिवसांत ती आंबते आणि बुरशी धरते, तेव्हा आणल्या दिवशीच ढिगात मिसळा. मिसळण्याआधी ताडपत्रीवर ओतून ढवळण्याच्या प्लास्टिक काड्या, साखरेच्या पुड्या आणि कॅप्सूल निवडून काढा. कागदी फिल्टर फाडून टाकले तर कुजतात. आणि पाला आधी साठवा, पिशव्या नंतर सांगा! फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीतल्या झाडांचा पाला गोणीत भरून ठेवला नाही, तर पावसाळ्यात सुका माल म्हणून काहीच हाताशी राहत नाही.

गांडूळखताचा वाफा असेल तर ताजा चोथा त्यात ओतू नका. तो कुजताना तापतो आणि गांडुळं कडेला पळतात किंवा मरतात. शेण आणि पाल्यासोबत पंधरा-वीस दिवस आधी अर्धवट कुजवून, थंड झाल्यावर घाला.

प्रश्न : चहाच्या चोथ्यालाही हेच नियम का? (नाशिक)

उत्तर : जवळपास हेच, मात्र आपला चहा दूध, साखर आणि आलं घालून उकळलेला असतो. गाळणीतला चोथा तसाच कुंडीत गेला की मुंग्या आणि वास ठरलेला. दोन पाण्यांनी धुवा, पिळा, मग खताच्या बादलीत टाका. टी-बॅगा फोडून आतली पत्ती तेवढी घ्या, कारण बऱ्याच पिशव्यांत प्लास्टिकचा धागा असतो आणि तो कुजत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात गोगलगाई रोपं फस्त करतात. चोथ्याचं रिंगण केलं की त्या येत नाहीत म्हणतात. आमच्याकडे तर त्या रिंगण ओलांडून आल्या. (चिपळूण)

उत्तर : येणारच. या समजुतीमागे एक खरा प्रयोग आहे. हवाईमध्ये १ ते २ टक्के कॅफिनच्या द्रावणाने गोगलगाई मरतात असं आढळलं आणि २००२ साली ते प्रसिद्ध झालं. पण कपातल्या कॉफीत कॅफिन साधारण ०.०५ टक्केच असतं, आणि चोथा तर त्यातून उरलेला. त्यात कोकणातला पाऊस. रिंगणातलं उरलंसुरलं कॅफिन पहिल्या सरीतच धुऊन निघतं.

खात्रीचा उपाय मेहनतीचा आहे. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्यांच्या मधे पसरा. रात्री गोगलगाई त्याखाली जमतात. उजाडताच गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या दाट पाण्यात टाका. हातमोजे घालूनच हात लावा. मोठ्या शंखी गोगलगाईच्या अंगावर माणसाला बाधणारे जंतू असू शकतात. कुंड्या उचलून बुडाखाली पाहा: साबुदाण्याएवढी पिवळसर पांढरी अंडी पुंजक्याने सापडतात, ती चिरडा. हे आठ-दहा दिवस रोज केलं तर फरक दिसतो, एकदा करून सोडलं तर नाही. मीठ वाफ्यात टाकू नका, माती बिघडते. मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्या मिळतात, पण घरात कुत्रं-मांजर असेल तर त्या वापरूच नका.

प्रश्न : रोज चोथा सिंकमध्ये धुतला जातो. आता पाणी तुंबतं. ड्रेन क्लीनर टाकू का? (मुंबई)

उत्तर : टाकू नका. चोथा पाण्यात विरघळत नाही. पाइपच्या वळणात किंवा ट्रॅपच्या (सिंकखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भागाच्या) बुडाशी बसतो आणि तूप-तेलाने लिंपला जातो. ड्रेन क्लीनरमधला कॉस्टिक सोडा तेलाचं काम करील, चोथ्याचं नाही. कमी पाण्यात हा सोडा ट्रॅपमध्येच घट्ट होऊन बसला, तर तुंबलेलं आणखी तुंबतं.

सिंकखाली बॉटल ट्रॅप असेल तर हे दहा मिनिटांचं काम आहे. खाली बादली ठेवा. ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढा. आत रबरी वॉशर असतो, तो बादलीत हरवू देऊ नका. वाटीतला काळा गाळ वर्तमानपत्रावर काढून कचऱ्यात टाका. जुन्या टूथब्रशने वाटी आणि आटे घासा, वॉशर सपाट बसवा, वाटी हातानेच घट्ट करा. पान्याने आवळली तर प्लास्टिकचे आटे चिरतात. नळ सोडा आणि जोडावर कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवा. ओला झाला तर वॉशर तिरका बसला आहे.

पुन्हा तुंबू नये म्हणून फिल्टरचं वरचं भांडं धुण्याआधी पूर्ण निथळू द्या. तीन-चार तासांनी पालथं करून कागदावर एकदा ठोकलं की चोथ्याची वडी अख्खी बाहेर पडते. फिल्टरची भोकं बुजून काढा उतरायला उशीर होत असेल तर भांडं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि बाहेरच्या बाजूने ताठ ब्रश मारा.

प्रश्न : फ्रिजचा वास, भांडी, चेहरा, डास... चोथ्याचे अनेक घरगुती उपयोग ऐकले. खरे कोणते? (सोलापूर)

उत्तर : वासासाठी, बऱ्यापैकी खरा. पण पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर फ्रिजमध्ये बुरशीची शेतीच होईल. ताटात एक सेंटिमीटरचा थर पसरा आणि दिवसातून तीन-चारदा हलवत दोन दिवस कडक उन्हात ठेवा. पावसाळ्यात जाड बुडाच्या तव्यावर अगदी मंद आचेवर परता. अर्धी वाटी उघडी ठेवा, दोन आठवड्यांनी बदला. खाण्याचा सोडाही हेच काम करतो. लसूण-मासळीच्या हातांना चिमूटभर चोथा चोळून धुवा, छान काम होतं (धुतलेलं पाणी जाळीतून जाऊ द्या).

करपलेल्या स्टीलच्या पातेल्याला घासायला उपयोगी, नॉनस्टिकला कधीच नाही, आणि संगमरवरी ओट्यावर ओला ठेवला तर डाग पडतो. चेहऱ्याला लावू नये. कण टोकदार असतात, त्वचा खरचटते. जाळून डास पळवणं विसरा. कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी दर आठवड्याला ओतून ताटल्या घासल्या, तर डेंग्यूच्या डासाची अंडी तिथेच संपतात.

प्रश्न : चोथ्यावर धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घरी येते का? (कोल्हापूर)

उत्तर : येते. नुसत्या चोथ्यावर मात्र करू नका. तो दाबून बसतो, हवा शिरत नाही आणि पिशवी हिरवी बुरशी धरते. निम्म्याहून जास्त माल गव्हाचा भुसा किंवा बोटभर कापलेला भाताचा पेंढा हवा.

पेंढा रात्रभर भिजवा, ७० ते ८० अंश गरम पाण्यात तासभर ठेवा, मग तीन-चार तास निथळू द्या. चोथा त्याच दिवसाचा हवा. रोजचा थोडाच असेल तर फ्रीजरमध्ये साठवून एकदम काढा. दोन किलो निथळलेला पेंढा, एक किलो पिळलेला चोथा आणि ३०० ग्रॅम स्पॉन, म्हणजे अळिंबीचं बियाणं. नुसत्या पेंढ्याला यापेक्षा कमी स्पॉन पुरतं. चोथा दुसऱ्या बुरशींनाही आवडतो, म्हणून इथे हात सैल सोडायचा. हात साबणाने धुऊन सगळं मिसळा, पिशवीत भरा, तोंड बांधा आणि सुईने वीस-पंचवीस भोकं पाडा. २२ ते २८ अंशांत, अंधाऱ्या जागी पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. मग प्लास्टिक कापून उजेडाच्या पण उन्हाच्या नव्हे अशा जागी टांगा आणि दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा मारा. आठवड्याभरात टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात, पुढच्या चार-पाच दिवसांत काढणी. छत्रीच्या कडा खाली वळलेल्या असतानाच पिळून काढा. सपाट झाल्या की बीजाणू उडतात आणि ते खोकला आणतात.

हिरवा डाग दिसला की पिशवी घरात न उघडता बाहेर न्या. कारण तीनपैकी एक असतं: शिळा चोथा, जास्त पाणी किंवा कमी स्पॉन. एप्रिल-मे सोडून करा. स्पॉन आणि प्रशिक्षणासाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पाकडे चौकशी करावी. तीन तोड्यांनंतर उरलेला माल खताच्या बादलीत टाका. तिथे तो कच्च्या चोथ्यापेक्षा लवकर कुजतो.

प्रश्न : आमचा कुत्रा चोथा घातलेली कुंडी उकरतो. काही धोका? (नागपूर)

उत्तर : आहे. कुत्र्या-मांजरांना कॅफिन माणसापेक्षा पुष्कळ कमी मात्रेत बाधतं. अस्वस्थपणा, उलट्या, धाप, थरथर, छातीची धडधड ही लक्षणं एक-दोन तासांतही दिसू शकतात. चोथा खाल्ल्याचं लक्षात आलं तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याला फोन करा, आणि अंदाजे किती खाल्ला व कुत्र्याचं वजन किती ते सांगा. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी करवू नका. घरात कुत्रा असेल तर उघड्या कुंडीत चोथा टाकणं बंद आणि खताच्या बादलीला घट्ट झाकण.